नत्थूजींची तिसरी उशी

सन १९७८च्या फेब्रुवारी महिन्यापर्यंत नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्याच्या वॉर्ड क्रमांक नऊमध्ये, म्हणजे हृदयरोगाच्या वॉर्डात, चोवीस खाटा, चोवीस पेशंट आणि चोवीस उशा होत्या, आणि या बाबतीत कोणाचीही काहीही तक्रार नव्हती. उशांमध्ये कापूस आहे, असं नोंदवहीत लिहिलेलं होतं. डोकं टेकल्यावर तो कापूस कुठे जातो हे कळत नसे, पण पेशंट समजूतदार होते. सरकारी वस्तू वापरून बघायची नसते, नोंदवहीत बघायची असते, एवढं शहाणपण त्यांना खाटेवर पडल्या पडल्या आलेलं होतं.

मग वरच्या कार्यालयातून प्रपत्र आलं.

त्याचं पूर्ण नाव ‘हृदय व रक्ताभिसरणाच्या विकारांनी ग्रस्त रुग्णांचे परिचर्या-मूल्यमापन, नमुना ह-७’ असं होतं. पानं बत्तीस. ते प्रत्येक पेशंटसाठी दर सोमवारी नव्यानं भरायचं होतं. ते कसं भरायचं हे शिकायला वॉर्डाच्या सिस्टर प्रेमिला हेडाऊ यांना तीन आठवडे मुंबईला पाठवण्यात आलं होतं. प्रेमिलाची नोकरी अकरा वर्षांची. दवाखान्यात नवीन कागद आला की बाकीच्या सिस्टर तो एकमेकींकडे ढकलत, पण खरं सांगायचं तर प्रेमिलाला हे प्रपत्र मनापासून आवडलं होतं. आजवर पेशंटकडे सिस्टरनं बघायचं आणि कागदावर डॉक्टरांनी लिहायचं, अशी पद्धत होती. पहिल्यांदाच कोणीतरी सिस्टरला विचारत होतं, की बाई, तुला काय दिसलं?

प्रश्नही शहाण्या माणसानं काढलेले होते. घोट्यावर अंगठा दाबा आणि खड्डा किती वेळ राहतो ते बघा. नखांचा रंग बघा. मानेची शीर फुगलेली दिसते का बघा. पेशंट किती पावलं चालून थांबतो ते मोजा. आणि प्रश्न क्रमांक अकरा : रुग्णास झोपताना किती उशा लागतात?

या अकराव्या प्रश्नावर मुंबईला शिकवणाऱ्या बाईंनी अख्खी दुपार घालवली होती. हृदय दुबळं झालं की फुफ्फुसात पाणी साचतं. माणूस आडवा झाला की त्याचा दम कोंडतो, उठून बसला की मोकळा होतो. म्हणून असा पेशंट उशीवर उशी रचून निजतो. एक उशी म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे लक्ष ठेवा. तीन म्हणजे डॉक्टरांना सांगा. चार म्हणजे सांगत बसू नका, पळत जा.

खाट क्रमांक सतरावर उमरेडचे नत्थूजी पराते होते. चाळीस वर्षं हातमागावर लुगडी विणलेला माणूस. पाय सुजून खांबासारखे झाले होते. प्रेमिलानं घोट्यावर अंगठा दाबला, तर खड्डा पडला आणि तिथेच मुक्काम करून राहिला.

“नत्थूजी, घरी झोपताना किती उशा घेता?”

“उशी कायची, सिस्टरबाई. मी सुताच्या गठ्ठ्याले टेकून बसतो.”

“बसता? मग निजता केव्हा?”

“निजलो का दम लागते. मंग उठून बसतो. बसल्या बसल्याच डोळा लागते. बायको म्हणते, तुमी निजून राह्यले का सुताची राखण करून राह्यले?”

प्रेमिलानं शेजारच्या वॉर्डातून पाच मिनिटांच्या बोलीवर दोन उशा मागून आणल्या. एका उशीवर नत्थूजींचा श्वास शिटीसारखा वाजत होता. दुसरी दिल्यावर ते बोलू लागले. तिसरी पाठीशी सरकवल्यावर त्यांनी “हाऽऽ” असा आवाज केला, आणि प्रश्न क्रमांक बारा चालू असतानाच त्यांना झोप लागली. प्रेमिलानं उठवलं नाही. बाराव्या प्रश्नापुढे तिनं ‘रुग्ण निद्रिस्त’ असं लिहिलं आणि चपला हातात घेऊन ती पुढच्या खाटेवर गेली.

दुसऱ्या दिवशी ती मागणीपत्र घेऊन भांडारपाल बाबनरावांकडे गेली. बाबनरावांच्या कपाटात सहा उशा राखीव होत्या आणि त्या राखीवच राहाव्यात, हे त्यांचं आयुष्यातलं ध्येय होतं.

“एक खाट, एक उशी,” बाबनराव म्हणाले. “नियम आहे जी. याच्या आधी कोन्या पेशंटनं दुसरी मागतली नाही.”

“मागितली नाही, कारण कोणी विचारलं नव्हतं. आता विचारायचा हुकूम आहे. हे बघा, छापील आहे.”

बाबनरावांनी छापील कागदावरून बोट फिरवलं. हातानं लिहिलेल्या गोष्टीशी ते कितीही वेळ भांडू शकत, पण छापलेल्यापुढे त्यांचं काही चालत नसे. त्यांनी दोन उशा दिल्या. नत्थूजी त्या तीन उशांवर गाढ झोपू लागले, आठवड्यात पायांची सूज निम्म्यावर आली, आणि गोष्ट इथेच संपायला काही हरकत नव्हती.

पण शेजारी खाट क्रमांक अठरा होती. तिच्यावर अव्वल कारकून वामनराव घुगुसकर होते.

वामनराव एका निरोपसमारंभात वडाभात खाऊन आले होते. दोनदा वाढून घेतला होता आणि दोन्ही वेळा वरून कढत तेल. छातीत दाटल्यासारखं झालं म्हणून त्यांना थेट हृदयरोगाच्या वॉर्डात आणण्यात आलं. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी कागदावर ‘वात’ असं लिहिलं. वामनरावांनी ते खोडून घेऊन त्या जागी ‘निरीक्षणाधीन’ असं लिहवून घेतलं होतं. अठ्ठावीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला वात होतो, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं.

“सिस्टर,” एका सकाळी त्यांनी हाक मारली, “याले तीन अन् मले एक?”

“त्यांना आडवं झालं की दम लागतो, वामनराव. त्यांना गरज आहे.”

“गरजेचा प्रश्नच नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. उद्या तहसीलदार साहेब मले भेटायला येतील. काय पाहतील? मागावरचा माणूस तीन उशांवर अन् अव्वल कारकून एका उशीवर!”

“अहो, जास्त उशा म्हणजे जास्त आजार. तुमचं हृदय एका उशीचं आहे. चांगलं आहे.”

“हे तुम्ही ठरवणार? त्या फॉर्मात पेशंटले विचारायचं लिहिलं आहे ना? मग लिहा. मले पाच लागतात.”

“पाच उशा म्हणजे माणूस शेवटच्या घटका मोजतो, असा त्याचा अर्थ होतो.”

“होऊ द्या,” वामनराव म्हणाले. “नोंद तर राहील.”

प्रेमिलानं पाच लिहायला नकार दिला. तेव्हा वामनरावांनी खाटेवर बसून तीन प्रतींत अर्ज लिहिला. विषय : वॉर्ड क्रमांक नऊमधील उशांच्या वाटपातील तफावतीबाबत. अक्षर मोत्यासारखं होतं, आणि शेवटी ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर’ अशी ओळ होती. ही ओळ वाचली की दवाखान्याच्या अधीक्षकांना घाम फुटत असे. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि तोवर कुठलाही निर्णय आपल्या हातून होऊ नये, अशी त्यांची देवाजवळ रोजची प्रार्थना होती. त्यांनी निर्णय घेतला नाही. समिती नेमली.

उशी निर्धारण समितीत पाच सदस्य होते : स्वतः अधीक्षक, मेट्रन शोभाताई, भांडारपाल बाबनराव, धोबीखान्याचे मुकादम आणि बांधकाम खात्याचे एक उपअभियंता. उपअभियंत्यांना कशाला घेतलं, हे खुद्द उपअभियंत्यांनीही विचारून पाहिलं. उशा एकावर एक रचल्यानं उंची निर्माण होते, असं त्यांना लेखी कळवण्यात आलं. प्रेमिलाला विशेष निमंत्रित म्हणून बोलावलं होतं, मत द्यायचं नाही या अटीवर.

समितीच्या तीन बैठका झाल्या. तिन्ही बैठकांना आलुबोंडे होते. तिसऱ्या बैठकीत मतभेद मिटले आणि पुढीलप्रमाणे परिपत्रक निघालं. चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यास उशी एक, तृतीय श्रेणीस दोन, द्वितीय श्रेणीस तीन, प्रथम श्रेणीस चार. पंचवीस वर्षांहून अधिक सेवा झालेल्यास एक जादा. बिगरसरकारी रुग्णास उपलब्धतेनुसार. प्रश्न क्रमांक अकरामध्ये ‘किती उशा लागतात’ याऐवजी ‘किती उशा अनुज्ञेय आहेत’ असं वाचावं.

वामनराव तृतीय श्रेणीचे, म्हणजे दोन. सेवा अठ्ठावीस वर्षं, म्हणून तीन. सन एकाहत्तरमध्ये नायब तहसीलदार रजेवर असताना त्यांनी पाच आठवडे त्या पदाचा कार्यभार सांभाळला होता, त्याचा हुकूम त्यांनी घरून मागवला. तो पांढऱ्या रुमालात गुंडाळून त्यांच्या पत्नी कुसुमताई घेऊन आल्या. चार. पाचवी उशी खाटेची मूळ उशी ठरली, ती या चारांत धरता येत नव्हती.

उरलेल्या उशा एक निवृत्त कार्यकारी अभियंता, दोन लेखाधिकारी आणि असेच काही मानाचे पेशंट यांच्याकडे गेल्या. वाटप पुरं झाल्यावर उपलब्धता मोजण्यात आली. ती शून्य भरली. बाबनराव स्वतः येऊन नत्थूजींच्या तिन्ही उशा घेऊन गेले.

“अहो, त्यांची पहिली तरी राहू द्या!” प्रेमिला त्यांच्या मागे धावली. “ती तर खाटेची मूळ उशी आहे.”

“मूळ उशी अनुज्ञेय उशीच्या वर असते. खाली काही नसलं तं ती वर कशी राहीन?” बाबनराव म्हणाले, आणि मग खालच्या आवाजात, “मले बी वाईट वाटते, सिस्टर. पण माह्या वाईट वाटण्यानं स्टॉक वाढत नाही ना.”

नत्थूजी खाटेच्या लोखंडी कठड्याला टेकून बसले. कठड्याच्या दांड्या पाठीत रुतायच्या. दुपारी डोळा लागला की मान कलंडायची, मान कलंडली की अंग घसरायचं, आणि अंग आडवं झालं की ते हातपाय झाडत उठून बसायचे. तीन दिवसांत पायांची सूज परत आली. चौथ्या दिवशी ते प्रेमिलाला म्हणाले, “सिस्टरबाई, मले घरी जाऊ द्या. मरायचंच असन तं गठ्ठ्याले टेकून तरी मरन.”  तिनं त्यांना औषध दिलं, नाडी मोजली, आणि मोजता मोजता तिचे आकडे दोनदा चुकले.

त्या दुपारी वॉर्डाची आया गोदूबाई तांदूळ निवडायचं सूप घेऊन आली आणि नत्थूजींच्या पाठीला पाठ लावून खाटेवर बसली. “टेका गा भाऊ,” ती म्हणाली. “मी काही हालत नाही. तांदूळ बी निवडून होतीन अन् तुमची झोप बी.” नत्थूजी दोन तास झोपले. हा उपाय आठवडाभर चालला. मग मेट्रन शोभाताईंचं ज्ञापन आलं, की आया हे पद उशी या प्रयोजनार्थ निर्माण करण्यात आलेलं नाही.

“काहून? सरकारी बाईची पाठ सरकारीच नसते का?” गोदूबाईनं विचारलं. पण ती रोजंदारीवर होती, आणि तिची पाठ अजून कायम झालेली नव्हती.

गुरुवारी उमरेडहून नत्थूजींची बायको रुख्माबाई आली. मागाचं काम सांभाळून तिला आठवड्यातून एकदाच यायला जमे. नवऱ्याचा निरोप पोचलेला होता, त्यामुळे तिनं एस.टी.च्या टपावर घालून सुताचे तीन गठ्ठे आणले होते. तिनं ते त्याच्या पाठीशी रचले, वर धुतलेलं धोतर अंथरलं आणि संध्याकाळच्या गाडीनं निश्चिंत मनानं परत गेली. शुक्रवारी सकाळी बाबनराव पाहणीला आले. गठ्ठे उशी नव्हते, त्यामुळे त्यांना उशीचा नियम लागत नव्हता. पण ते उशीचं काम करत होते, त्यामुळे त्यांना सोडताही येत नव्हतं. बाबनरावांनी ‘उशीसदृश वस्तू, नग तीन’ अशी पावती फाडून ते जप्त केले. पावती मात्र त्यांनी नत्थूजींना स्वतःच्या हातानं दिली. तिला टेकता येत नव्हतं.

इकडे वामनरावांचं बरं चाललं होतं असं मुळीच नाही. पाच उशांवर माणूस निजत नाही, पोथी ठेवल्यासारखा उभा राहतो. त्यांची हनुवटी छातीला लागे आणि मान धरली होती. त्यातच वॉर्डात नवे डॉक्टर आले. त्यांनी प्रपत्र उघडलं, अकराव्या रकान्यात पाच वाचलं आणि ते हादरलेच. त्यांनी वामनरावांना लघवी होण्याच्या गोळ्या सुरू केल्या, मीठ पूर्ण बंद केलं आणि खाटेवरून उठायला मनाई केली. गोळ्यांचा आणि मनाईचा मेळ बसणं अवघड होतं. वामनराव दर अर्ध्या तासानं नियम मोडून धावत असत. कुसुमताई घरून भरली वांगी आणत, ती दारावरूनच परत जात. तरी कोणी भेटायला आलं की वामनराव अळणी चेहऱ्यानं पाठीमागे अंगठा दाखवत आणि म्हणत, “पाच आहेत.” हे ऐकून निवृत्त कार्यकारी अभियंत्यांनीही मीठ सोडण्याचा अर्ज केला.

दर सोमवारी प्रेमिला चोवीस प्रपत्रं भरत होती. सतरा नंबरला उशा शून्य, अठरा नंबरला पाच. ती प्रपत्रं वर जात होती आणि वर ती वाचली जात होती, ही खरी दुर्दैवाची गोष्ट. एप्रिलमध्ये तिकडून पत्र आलं. वॉर्ड क्रमांक नऊच्या आकडेवारीवरून असं दिसतं, की वेतनश्रेणी वाढते तसतसं हृदय ढासळत जातं. हा शोध महत्त्वाचा असून त्यावर स्वतंत्र अभ्यास करण्यात येईल. तथापि ज्या रुग्णास एकही उशी लागत नाही, असा खाट क्रमांक सतरावरील इसम दोन महिने सरकारी खाट अडवून का बसला आहे, याचा बोध होत नाही. उपसंचालक गुरुवारी प्रत्यक्ष येत आहेत. त्यांच्या समक्ष सदर इसमास घरी सोडण्यात यावं.

उपसंचालक डॉ. ओमप्रकाश दुबे अकरा वाजता आले. समितीचे पाचही सदस्य पाठीमागे होते. नत्थूजींचं घरी सोडण्याचं कार्ड तयार होतं, फक्त सही बाकी होती. प्रेमिला मध्ये उभी राहिली.

“साहेब, या माणसाला तीन उशा लागतात. घरी सोडलं तर हा वाचणार नाही.”

“प्रपत्रात शून्य आहे. प्रपत्र तुम्हीच भरलं आहे. सही तुमची आहे.”

“मी जे भरते ते अनुज्ञेय आहे, साहेब. तुम्ही प्रपत्र बाजूला ठेवा आणि याला दोन मिनिटं सपाट झोपवून बघा.”

प्रपत्र बाजूला ठेवायचं म्हटल्यावर साहेबांना जरा धक्काच बसला, पण त्यांनी मान डोलावली. नत्थूजींना सपाट झोपवलं. एक मिनिट झालं. श्वास शिटीसारखा वाजू लागला, ओठ काळे पडले, डोळे बाहेर आले. दुसरं मिनिट पुरं व्हायच्या आत प्रेमिलानं त्यांना उचलून बसवलं आणि आपल्या खांद्याला टेकवून धरलं.

 ओमप्रकाश साहेबांनी प्रपत्र पुन्हा हातात घेतलं आणि अकरावा रकाना बोटानं तपासला.

“प्रकरण गंभीर आहे,” ते म्हणाले. “प्रपत्रानुसार याला दम लागायला नको होता. तरी याने लावून घेतला. याच्याकडून लेखी खुलासा मागवा. तीन दिवसांची मुदत द्या.”

आणि आश्चर्य म्हणजे त्याच क्षणी खाट क्रमांक अठरावरून आवाज आला. नत्थूजींचा तो श्वास वामनरावांनी हातभर अंतरावरून ऐकला होता. त्यांना खरोखर वाईट वाटलं. इतकं, की ते आपली धरलेली मान विसरून उठून बसले.

“साहेब, खुलासा मागवला ना? मग चौकशी सुरू झाली. चौकशी चालू असेपर्यंत त्याले इथून जाता येत नाही. अन् ज्याची चौकशी आहे, त्याले संबंधित कागदपत्रं पाहण्याचा हक्क आहे. ती त्याच्या जवळ ठेवावी लागतात.” वामनराव बोटांवर हिशेब करू लागले. “एका आठवड्याची सातशे अडुसष्ट पानं. अशी आठ आठवड्यांची. सगळे गठ्ठे त्याच्या पाठीशी ठेवा. तीन उशांचं काम होऊन जाईल!”

कोणीतरी हलकेच “वा!” म्हटलं. अधीक्षकांनी समाधानानं डोळे मिटले. ओमप्रकाश साहेबही खूश झाले. म्हणाले, अशी माणसं खात्यात हवीत. लगेच टंकलेखक बोलावण्यात आला. अर्ज कोणाच्या नावे करायचा, यावर पाच मिनिटं गेली. गठ्ठे ‘अवलोकनार्थ’ द्यायचे की ‘टेकण्यास्तव’ यावर दहा मिनिटं गेली. मग कार्बन पेपर सापडेना. बाबनराव तो आणायला गेले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर सत्कार्याचं तेज होतं. प्रेमिलाच्या खांद्यावर नत्थूजींचं डोकं जड होत चाललं होतं. तिनं त्यांची नखं बघितली. ती निळसर दिसायला लागली होती.

“जरा लवकर करा हो,” ती ओरडली. “कार्बन राहू द्या, एकच प्रत काढा!”

“एकच प्रत?” अधीक्षक म्हणाले. “मग संदर्भाला काय राहील?”

तेवढ्यात रुख्माबाई वॉर्डात शिरली. भेटायची वेळ चारची होती, पण फाटकावरचा शिपाई साहेबांच्या गाडीला सलाम करण्यात गुंतला होता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. भोवतीच्या माणसांकडे पाहिलं नाही, टाइपरायटरकडेही नाही. हातातली पिशवी खाली ठेवून ती खाट क्रमांक अठराकडे वळली.

“सरका जी जरा,” ती वामनरावांना म्हणाली.

वामनराव सरकले. का सरकले, हे त्यांना पुढे कधीही सांगता आलं नाही. रुख्माबाईनं त्यांच्या पाठीमागच्या तीन उशा काढल्या, दीड पाऊल चालली, आणि त्या नवऱ्याच्या पाठीशी लावल्या. मग प्रेमिलाच्या खांद्यावरून त्याला अलगद मागे घेतलं. नत्थूजींनी “हाऽऽ” असा आवाज केला. शिटी हळूहळू थांबली.

टाइपरायटरही थांबला.

“बाई,” ओमप्रकाश साहेब म्हणाले, “हे तुम्ही कोणाच्या आदेशाने केलं?”

“आदेश कायचा?” रुख्माबाई म्हणाली. “याईले लागून राह्यल्या होत्या, अन् त्याईच्याकडं पडून होत्या. तुमी एवढे जन उभे राहून काय करून राह्यले होते?”

 प्रेमिलाला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त लाज वाटली. कित्येक सोमवार ती त्या दोन खाटांच्या मध्ये उभी राहून एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला पाच लिहीत होती. ती भांडली होती, धावली होती, अर्ज-विनंत्या करून थकली होती. हात लांब करायचं मात्र तिला एकदाही सुचलं नव्हतं, आणि मुंबईला जाऊन तीन आठवडे शिकून आली होती ती!

वामनराव त्या दुपारी दोन उशांवर आडवे झाले आणि संध्याकाळपर्यंत घोरत होते. त्यांची मान सुटली. शनिवारी त्यांनी आपण होऊन ‘निरीक्षणाधीन’ खोडून ‘वात’ लिहवून घेतलं आणि भरली वांगी खायला घरी गेले. नत्थूजी तीन आठवड्यांनी स्वतःच्या पायांनी चालत एस.टी. स्टँडवर गेले. जाताना रुख्माबाईनं पावती दाखवून सुताचे गठ्ठे सोडवून नेले.

समितीची चौथी बैठक झाली. विषय होता ‘खाटेवरून खाटेवर उशी नेण्याबाबत’. त्या बैठकीचं इतिवृत्त प्रेमिलानंच लिहिलं, म्हणून त्यातला मजकूर खात्रीचा आहे. शेजारची उशी काढून द्यावी, हे आपल्याला अगदी पहिल्या दिवसापासून सुचलं होतं, असं अधीक्षकांनी नमूद केलं. मेट्रन शोभाताईंनाही ते सुचलं होतं. बाबनरावांना सुचलं होतं, मुकादमांना सुचलं होतं, उपअभियंत्यांना तर पहिल्या आलुबोंड्याच्याच वेळी सुचलं होतं. विषय कार्यक्रमपत्रिकेवर नसल्यामुळे कोणी बोललं नाही, इतकंच.

हे वाचताना तुम्हालाही ते केव्हाचंच सुचलं होतं, असं तुम्ही आता म्हणाल. म्हणा. पाचही सदस्यांनी तसंच लिहून देऊन खाली सही केली आहे, आणि सहाव्या सहीपुरती जागा त्या कागदावर मोकळी आहे.